पूर्ण नाव

आईनं ती माळ डोळ्यांना लावली. आधी उजव्या, मग डाव्या, मग कपाळाला. सगळं मिळून दीड सेकंद. आमच्या घरात हे वर्षातून पन्नास वेळा होतं. कुणी नाशिकहून अंगाऱ्याची पुडी आणली, कुणी वेम्बलीच्या देवळातून फूल आणलं, की आईचा हात आपोआप वर जातो, तिला विचारावंसुद्धा लागत नाही. पण ही माळ कॅथलिक होती. निळ्या काचेचे मणी, खाली नखाएवढा क्रूस. जागा होती लंडनच्या ईलिंगमधल्या एका बसस्टॉपच्या शेजारची, वेळ सकाळी दहा वाजून पाच मिनिटं, आणि जिनं ती माळ दिली ती बाई आईनं पुढच्या गल्लीतल्या क्लिनिकमध्ये जाऊ नये म्हणून तिथं उभी होती. गर्भपाताच्या क्लिनिकमध्ये. हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण गोष्टीतली मुख्य गोष्ट शेवटपर्यंत मुठीत धरून बसणारे लोक मला आवडत नाहीत. आईची साडेदहाची अपॉइंटमेंट होती. आई पंचेचाळीस वर्षांची, अकरावा आठवडा. मी दोन महिन्यांपूर्वी अठरा पूर्ण केलेली, तिची सोबत. भूल उतरल्यावर घरी न्यायला कुणीतरी सज्ञान माणूस लागतं, असं त्यांनी कळवलं होतं, आणि आमच्या घरात हजर असलेलं सज्ञान माणूस मी होते. हा शब्द मला इतका आवडला होता की बसमध्ये मी तो मनातल्या मनात तीन-चारदा म्हणून पाहिला.

त्या बाईचा चेहरा मी नीट बघितला, कारण आईकडे बघायचं नव्हतं. सत्तरीच्या पुढची असावी. घडीची खुर्ची, थर्मास, पायात जाड तळाचे बूट, घोटे सुजलेले. तिच्या पलीकडे दोन पुरुष एक फलक धरून उभे होते, पण ते फलकासारखेच होते, चेहरा नसलेले. हिला चेहरा होता. लोक रस्ता ओलांडून पलीकडे जातात, शिव्या देतात, मोबाईल काढून शूटिंग करतात, या सगळ्याला सरावलेला चेहरा. आणि आता समोर लाल कोटातली एक बाई तिची माळ डोळ्यांना लावत होती. तिचं तोंड किंचित उघडलं आणि तसंच राहिलं. मग डोळे भरले. ‘ओ लव्ह,’ ती म्हणाली, ‘ओ, गॉड ब्लेस यू.’ तिच्या बोलण्यात आयरिश हेल होता. ती काय समजली हे मला तत्क्षणी समजलं. आईला समजायला आणखी दोन सेकंद लागले, आणि त्या दोन सेकंदांत तिनं, सवयीनं, मान डोलावली.

खरं तर त्या वाटेनं न येताही चाललं असतं. कायद्यानं क्लिनिकभोवती दीडशे मीटरची हद्द आखलेली आहे, तिच्या आत कुणी कुणाला अडवायचं नाही, पत्रकं द्यायची नाहीत. मला हे पाठ आहे. मार्चमध्ये शाळेच्या डिबेटमध्ये मी याच विषयावर बोलले होते आणि जिंकले होते. त्याआधीची मी म्हणजे वर्गात हात वर करायच्या आधी वाक्य इंग्रजीत दोनदा म्हणून बघणारी मुलगी. त्या दिवसानंतर मी सगळीकडेच बोलायला लागले. बसमध्ये, डेंटिस्टकडे, अक्षया मावशीच्या सत्यनारायणाला. ती आईला म्हणाली, ‘सुलू, हिच्यात कुणीतरी नाणं टाकलंय गं, आता गाणं संपेपर्यंत थांबायची नाही.’ आई हसली होती. तर हद्द मला माहीत होती, पण हद्दीच्या बाहेर, दीडशे मीटर संपून चार पावलांवर, जिथं ई-एट नंबरची बस थांबते तिथं त्या लोकांनी बरोबर आपली जागा शोधली आहे, हे मला माहीत नव्हतं. भाषणात हद्द म्हणजे एक आकडा होता. इथं ती एका लेटरबॉक्सपाशी संपत होती.

आणि तरीही आम्ही नुसतं पुढे जाऊ शकलो असतो. मी पुढे गेलेही होते. पण आईला हात पुढे करून उभ्या असलेल्या माणसाला ओलांडता येत नाही. इंग्लंडमध्ये आल्यावर सहा वर्षं ती हीथ्रोला परफ्यूमच्या काउंटरपाशी उभी असायची, पुण्याची फिजिओथेरपीची डिग्री कपाटात ठेवून, हातात वासाच्या कागदी पट्ट्या घेऊन. तेव्हा मी लहान. ती घरी आली की तिच्या मनगटाला एकावर एक असे नऊ-दहा वास असायचे आणि त्या सगळ्यांच्या खाली, खूप खाली, ती. एकदा मी विचारलं होतं की दिवसभर काय करतेस. म्हणाली, ‘हात पुढे करते.’ आणि मग, ‘लोक असे जातात ना वरदा, जसा काही माझा हात हवेत आपोआप उगवलाय.’ आता ती एका हॉस्पिटलमध्ये रीतसर फिजिओ आहे, म्हाताऱ्यांना पुन्हा चालायला शिकवते, पण रस्त्यात कुणी पत्रक पुढे केलं की थांबतेच. आमच्या किचनच्या ड्रॉवरमध्ये कार्पेट धुणाऱ्यांची, पिझ्झावाल्यांची, दारोदार धर्म सांगणाऱ्या येहोवावाल्यांची पत्रकं आहेत. म्हणून ती थांबली, माळ हातात आली, देवाची वस्तू म्हणून डोळ्यांना गेली.

मग बाईनं नाव विचारलं. तिच्या मांडीवर एक वही होती, शाळेतली असते तशी, कडा दुमडलेली. ‘मी रोज संध्याकाळी सहाला बसते,’ ती म्हणाली, ‘नावं घेऊन प्रार्थना करते. तुझं नाव सांग, लव्ह. तुझ्यासाठी आणि छोट्यासाठी.’ आई कॉफीच्या दुकानात स्वतःचं नाव ‘सू’ सांगते. जिमच्या फॉर्मवर सू, घर दाखवणाऱ्या एजंटकडे सू. गेल्या अठरा वर्षांत मी तिला एकाही गोऱ्या माणसापुढे पूर्ण नाव उच्चारताना ऐकलेलं नाही. पण इथं कुणीतरी देवापुढे घ्यायला नाव मागत होतं, आणि देवापुढे अर्धं नाव कसं सांगायचं? अभिषेकाला गुरुजी विचारतात तेव्हा जशी ती ताठ होते, पदर नसला तरी खांद्यावर हात नेते, तशी ती ताठ झाली आणि म्हणाली, ‘सुलक्षणा.’ आणि मग एकेक अक्षर सांगितलं, दहाच्या दहा. बाईनं जपून लिहून घेतलं. मला तेव्हा एकच भीती वाटली, की आता ही गोत्रसुद्धा सांगते.

तिथून आम्ही निघालो. साठ-सत्तर पावलांवर एका घराची ठेंगणी विटांची भिंत होती, तिच्यावर आई बसली. ‘थांब जरा.’ कोट गोळा करून, पाय जोडून, जशी ती हॉस्पिटलमधल्या पेशंटना बसायला शिकवते तशी. माळ हातातच. नोव्हेंबरचं ऊन होतं, दिसणारं पण अंगाला न लागणारं. समोरच्या घरातून एक माणूस कुत्रा घेऊन बाहेर पडला, आमच्याकडे बघून ‘मॉर्निंग’ म्हणाला. आई ‘मॉर्निंग’ म्हणाली. दहा वाजून बारा.

मला हे सगळं मंगळवारी कळलं होतं, किराणा आवरताना. ‘गुरुवारी शाळेला दांडी मार,’ आई म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. मी आनंदाने ओरडणारच होते, पण तिच्या हातात फ्रोजन वाटाण्यांची पिशवी होती आणि आई ती फ्रीजरमध्ये ठेवत नव्हती. ‘माझ्याबरोबर यायचंय.’ मग कुठे ते सांगितलं. मी म्हटलं, का? प्रश्न वाईट होता असं नाही, पण मला लगेच वाटलं की हा डिबेटमधला प्रश्न आहे. तिथे तीन मुद्दे लागतात, तिसरा सगळ्यात जोरदार. मी स्वतःच तिच्यासाठी मुद्दे मांडायला सुरुवात केली: वय, पाठीचं दुखणं, इतक्या वर्षांनी मिळालेलं काम. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ते सगळं आहेच. पण मला नको आहे. एवढंच.’ वाटाणे वितळून तिच्या बोटांवरून पाणी यायला लागलं होतं. बाबा आठवडाभर कॉव्हेंट्रीला असतो, तिथल्या हॉस्पिटलात भूल देतो, शुक्रवारी घरी येतो. तो रात्रीच्या जेवणाआधी फोनवर होता, स्पीकर चालू. आठवडे, औषधं, टक्केवारी, सगळं त्यानं नीट समजावलं. मग म्हणाला, ‘सुलू, तू ठरवशील ते. शेवटी तुझा निर्णय.’ किती बरोबर बोलला. माझ्या भाषणातलं शेवटचं वाक्य जवळजवळ हेच होतं, त्यावर टाळ्या पडल्या होत्या. आईनं ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवून ओटा पुसला. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला.

‘त्या रोज नाव घेणार,’ भिंतीवर बसलेली आई म्हणाली.

‘घेऊ दे की. तिला काय काम आहे दुसरं?’

‘असं बोलू नये. सहा वाजता घेणार म्हणाल्या. माझं आणि...’ तिनं वाक्य तिथंच ठेवलं. ‘मी मान हलवली, वरदा. त्यांना वाटलं मी हो म्हटलं.’

‘तू हो नाही म्हटलंस. तू फक्त माळ डोळ्यांना लावलीस.’

‘मग तेच तर.’

ती रडत नव्हती. रडली असती तर मला काय करायचं ते माहीत होतं, मी बोलले असते, मी हल्ली अप्रतिम बोलते. ती मण्यांवरून अंगठा फिरवत होती, मोजत नव्हती, नुसता फिरवत होती, आणि तिच्या कपाळावर, जिथं तिनं तो क्रूस टेकवला होता तिथं, काही नव्हतं, पण मी पुन्हापुन्हा तिथंच बघत होते. मग ती म्हणाली, ‘परत जायचं का घरी?’ अगदी साध्या आवाजात, जशी दुकानात विचारते, हा घेऊ की तो. आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं: आई, तू ठरवशील ते. ते तिथं आयतं, इस्त्री केलेलं पडलेलं होतं. मी तोंड उघडलं आणि मला स्पीकरमधून येणारा बाबाचा आवाज ऐकू आला, तीच थांबण्याची जागा, तोच नीटनेटका शेवट. मी तोंड मिटलं. मला काय हवं होतं? मंगळवारपासून हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. बुधवारी केमिस्ट्रीच्या तासाला मला एकदम एका बाळाच्या मुठीत माझं बोट दिसलं होतं, आणि मी ते चित्र बराच वेळ बघत बसले. त्याच रात्री जेवताना मला वाटलं होतं, शी, लोक काय म्हणतील, आईला या वयात. दोन्ही खरं होतं. दोन्ही माझं होतं, तिचं नव्हतं. त्या भिंतीवर ती दोन दिवस झाले एकटी बसलेली आहे, दोन दिवस कशाला, अकरा आठवडे, आणि बाबा आणि मी दोघंही तिला दुरून, फार आदरानं, मोकळीक देतो आहोत, असं मला वाटलं.

‘माळ दे इकडे,’ मी म्हणाले.

‘कशाला? टाकायची नाही हं.’

‘टाकत नाहीये. परत देऊन येते.’

तिनं माळ लगेच दिली नाही. ‘आत घेऊन जाता येणार नाही मला,’ ती म्हणाली, मला की स्वतःला कोण जाणे. ‘त्यांनी ज्यासाठी दिली ते मी करणार नसेन, तर ठेवायची कशी?’ ‘करणार नसेन, तर’ असं म्हणाली. मी ते ‘तर’ ऐकलं. मग माळ माझ्या हातावर आली, तिच्या तळव्यानं गरम झालेली. ‘उजव्या हातानं दे. आणि भांडू नकोस, तुझं ते डिबेट नको तिथं.’ मी चार पावलं गेले तेव्हा मागून म्हणाली, ‘आणि नावाचं विचार. खोडता येतं का म्हणावं.’

त्या साठ-सत्तर पावलांत मी अर्थातच भाषण तयार केलं. खरं सांगते, उत्तम होतं. सुरुवातच अशी होती की तुम्हाला कुणी अधिकार दिला. पण बाई थर्मासच्या झाकणात चहा ओतत होती, आणि मला बघून तिचा चेहरा इतका उजळला की मी पहिलं वाक्य सोडूनच दिलं. ‘घरी निघाली का ती?’

‘नाही. तिनं हे परत पाठवलंय.’ उजव्या हातानं दिली. डावा हात न सांगता उजव्या कोपराखाली गेला होता.

तिनं घेतली नाही. ‘पण तिनं तर माळेला किस केलं.’

‘किस नाही. डोळ्यांना लावली. आम्ही लावतो. चुकून पुस्तकाला पाय लागला तरी हात लावून डोळ्यांना लावतो.’

‘म्हणजे त्याला काही अर्थ नव्हता?’

हे तिनं दुखावून विचारलं नाही, माहिती म्हणून विचारलं. मी विचार केला. ‘अर्थ होता,’ मी म्हणाले. ‘तुम्हाला वाटला तो नव्हता.’

फलकवाल्या पुरुषांपैकी एक जण जवळ येऊ लागला. ‘सगळं ठीक ना, नोरीन?’ तिनं हातानंच त्याला लांब राहायला सांगितलं. मग मला म्हणाली, ‘ठेव तुझ्याकडे. राहू दे घरात.’

‘आमच्याकडे देवाची वस्तू टाकता येत नाही. मग ती एका ड्रॉवरमध्ये राहील आणि आई तो ड्रॉवर पुन्हा कधी उघडणार नाही. प्लीज.’

नोरीननं माळ घेतली. मुठीत धरली, डोळ्यांना वगैरे काही लावली नाही. ‘चहा घेणार?’ मी नको म्हणाले. दहा वाजून एकवीस. मी वहीकडे बोट दाखवलं. ‘आणि तिचं नाव. ते खोडाल का?’

‘मी शब्द दिलाय, लव्ह.’

‘तिला दिलात ना? ती तुम्हाला मोकळं करते आहे.’

‘तिला नाही दिला,’ ती म्हणाली आणि वर बघितलंसुद्धा नाही, कारण तिच्या दृष्टीनं ते उघडच होतं. मी हे डिबेटमध्ये हरले असते. यावर मुद्दा नसतो. मी तिथं उभी राहिले, हद्दीच्या बाहेर, लेटरबॉक्सला टेकून, आणि मला दिसलं की आज सहा वाजता, आई गरम पाण्याची पिशवी घेऊन सोफ्यावर पडलेली असताना, इथून जवळच कुठल्यातरी घरात ही बाई ती दहा अक्षरं चुकत-माकत उच्चारणार आहे, उद्याही, परवाही, आणि ती अक्षरं त्या वहीत एकटी असणार आहेत.

‘मग माझं लिहा,’ मी म्हणाले. ‘तिच्याऐवजी. वरदा.’

‘तुझं?’ तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं. मला हसू आलं. ‘तसं काही नाही हो. नुसतं नाव.’

‘तुझ्यासाठी काय मागू?’

अठरा वर्षं पूर्ण, तोंडाचा पट्टा चालू, आणि सुचलं ते एवढंच. ‘केमिस्ट्री,’ मी म्हणाले. ‘जानेवारीत मॉक परीक्षा आहे.’ ती हसली. पुढचा एक दात अर्धा होता. मग तिनं खरंच पेन उघडलं आणि लिहिलं, माझ्याकडून अक्षरं विचारून, आईच्या नावाच्या बरोबर खालच्या ओळीत. पेन वरच्या ओळीवर गेलं, तिथं क्षणभर थांबलं. ‘तेवढं नाही जमायचं मला,’ ती म्हणाली आणि वही मिटली. तेवढ्यात बस आली, माणसं उतरायला लागली, आणि ती पत्रकं घेऊन दोन्ही गुडघ्यांवर हात देत उभी राहिली.

मी परत आले तेव्हा भिंतीवर कुणी नव्हतं. पलीकडच्या स्टॉपवरून आमच्या घराकडे जाणारी हाउन्सलोची बस नुकतीच सुटली होती, तिची मागची काच कोपऱ्यावरून वळताना दिसली, आणि मी एका जागी उभी राहून ती नजरेआड होईपर्यंत पाहिली. मग धावले. क्लिनिकच्या दाराला घंटी होती. आतून आवाज आला, कुणाबरोबर आलात? मी आईचं नाव सांगितलं, पूर्ण, आणि कुलूप ‘टक’ करून उघडलं. आई खिडकीपासून दूरच्या खुर्चीवर होती. शेजारच्या खुर्चीवर लाल कोट पसरून तिनं जागा धरली होती, जशी ती गणेशोत्सवाच्या नाटकाला धरते.

‘भांडलीस?’

‘नाही.’

‘घेतली त्यांनी?’

‘हो. चहा विचारला.’

‘घ्यायचास की. नाही म्हटलंस? थंडीत बसतात त्या.’ मग समोरच्या पोस्टरकडे बघत, ‘आणि नावाचं?’

‘खोडलं,’ मी म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मी पोस्टर वाचत होते. ते फ्लूच्या लशीचं होतं. मग तिनं कोट उचलून माझ्या मांडीवर ठेवला, चष्मा काढून माझ्या हातात दिला. चष्म्याशिवाय ती कायम लहान दिसते, नाकावर दोन खळगे. दार उघडून एका नर्सनं नाव घेतलं, हळू, कागदावर बोट ठेवून. आई उठली. दारापर्यंत गेली आणि वळली, मी कुठं बसले आहे ते तिला चष्म्याशिवाय दिसत नसणार, तरी बरोबर माझ्याच दिशेला बघून म्हणाली, ‘जाऊ ना?’

आमच्या घरात बाहेर पडणाऱ्याला कुणी ‘जा’ म्हणत नाही. ‘ये’ म्हणायचं असतं. मी शाळेला निघाले तरी ये, बाबा कॉव्हेंट्रीला निघाला तरी ये. ‘ये’ म्हटलं की जाण्याचं सगळं त्या माणसावर सोपवून आपण मोकळे; ‘जा’ म्हटलं की त्यात आपलाही हात.

‘जा, आई,’ मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि आत गेली. दार आपोआप मिटणारं होतं, त्याला बराच वेळ लागला.